रुजवात

बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. रात्री नऊ-साडेनऊला घरी यायचे, कारण कीर्द पुरी झाल्याशिवाय ते गादीवरून उठत नसत. दिवसभरातले व्यवहार ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, तळाशी शिल्लक. कीर्द त्याच दिवशी लिहायची. खतावणी मागाहून, जरा सवडीनं: कीर्दीतली एकेक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्याला लावायची आणि शेजारच्या बारक्या रकान्यात ‘खा. पा.’, म्हणजे खाते पान, टाकायचं, म्हणजे ती रक्कम खतावणीच्या कुठल्या पानावर गेली ते सापडतं. आकडा चुकला तर गिरवून काळा करायचा नाही. एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला आठवलं ते जानेवारी २०१६ मध्ये, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, स्कूबा डाइव्हिंगच्या कोर्सात. केसांतून पाणी निथळत होतं आणि मांडीवर एक छोटी निळी वही होती. वय एकेचाळीस, बँकेतली नोकरी, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतलेला. इन्स्ट्रक्टरनं वही हातात दिली आणि म्हणाला, “ताई, आधी लॉग, मग चहा.” डाइव्ह क्र. १. खोली किती मीटर, वेळ किती मिनिटं, सिलिंडर किती बारवर (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरू झाला आणि किती बारवर संपला, कमरेला किती किलो शिसं, पाणी किती स्वच्छ. तळाशी जोडीदाराची सही आणि इन्स्ट्रक्टरचा शिक्का. मला ती वही अजिबात परकी वाटली नाही. ती कीर्द होती.

साम्य केवळ रकान्यांचं नव्हतं, हे पुढच्या दोन दिवसांत कळलं. खोल पाण्यात दाबाखाली हवा श्वासावाटे घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये मुरतो. वर आल्यावर तो लगेच जात नाही, हळूहळू बाहेर पडतो; फार मुरला किंवा घाईनं वर आलं तर त्याचे अंगात बुडबुडे होऊन इजा होते. तासाभरानं पुन्हा पाण्यात उतरलात, तर आधीच्या डाइव्हचा उरलेला नायट्रोजन अंगात घेऊनच उतरता. आम्हाला शिकवलेल्या पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला पहिल्या डाइव्हसाठी ५६ मिनिटांची मर्यादा आहे, ३० मीटरला अवघी २०. दुसऱ्या डाइव्हला त्यातून आधीचा उरलेला नायट्रोजन मिनिटांच्या हिशेबात वजा करायचा. वर्गातल्या तरुण मुलांना हे उमगायला वेळ लागत होता. मी लगेच म्हटलं, ही तर मागील बाकी. मागच्या पानावरून पुढे ओढलेली.

१९०८ साली हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून पाणबुड्यांसाठी पहिले शास्त्रीय तक्ते छापले. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे धरले होते, कारण सगळ्या ऊतींमध्ये नायट्रोजन सारख्या वेगानं मुरत नाही. पुढे झ्युरिकच्या ब्यूलमान यांनी त्याच वाटेनं जाऊन सोळा कप्पे केले. सर्वांत चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत मंद कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. मनगटावरच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत आजही हेच गणित चालतं. म्हणजे मी पाण्याखाली मासे बघत असते तेव्हा मनगटावर कोणीतरी सोळा खात्यांची खतावणी अखंड लिहीत असतं. हे समजल्यापासून त्या यंत्राविषयी मला आदरच वाटत आला आहे.

तसा कॉम्प्युटर मी २०१७ मध्ये घेतला. माझ्या यंत्रात दर दहा सेकंदांनी खोलीची नोंद होते. पण तो संगणकाला जोडायची केबल मात्र घेतली नाही, कारण त्या दिवसांत मी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये आकडे हातानं भरत होते. पडद्यावरून वहीत, वहीतून अ‍ॅपमध्ये. अ‍ॅप सुंदर होतं, नकाशावर माझ्या डाइव्हच्या जागी टाचण्या दिसायच्या. एके दिवशी कंपनीचा मेल आला की अमुक तारखेनंतर ही सेवा बंद होईल. तो मेल मी वाचला तोपर्यंत ती तारीख उलटून गेली होती. टाचण्या गेल्या. माझी वही होती, म्हणून आकडे राहिले, आणि त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की आता कागदच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते माळ्यापर्यंत चढलं. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अडत बंद झाल्यावर मालकांनी त्यांना आठवण म्हणून दिलेल्या चोपड्या माळ्यावर होत्या: लाल कापडाच्या बांधणीच्या, पानाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिलेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या खाली काढल्या, तेव्हा प्रत्येकीची एक वीट झाली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई आरपार उतरलेली, सगळ्याला नदीच्या गाळाचा वास. मी आणि आई अंगणात बसून एकेक पान सोडवायचा प्रयत्न करत होतो. एका पानावर बाबांची एक रेघ दिसली, शेजारी त्यांची बारीक सही. रेघेखालचा आकडा वाचता येत नव्हता. आईनं ती चोपडी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “राहू दे आता.”

एका मेलनं माझं एक दप्तर नेलं, एका नदीनं बाबांचं. कागद की सॉफ्टवेअर हा वाद लोक आवडीनिवडीचा म्हणून घालतात, त्यात मला तेव्हापासून गंमत वाटत नाही. दोन्ही बुडतात.

२०२० च्या टाळेबंदीत समुद्र बंद होता आणि हातात वेळ होता. केबल मागवली आणि सबसर्फेस नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिहायला घेतलं, लिनक्स ही संगणकप्रणाली बनवणारे तेच. ते स्वतः डाइव्हर आहेत. पुढे त्यांचे सहकारी डर्क होंडेल यांनी ते सांभाळलं, वाढवलं. फुकट आहे, मोकळं आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचे शेकडो कॉम्प्युटर त्याला वाचता येतात. मुख्य म्हणजे नोंदी साध्या मजकुराच्या रूपात राहतात. उद्या ते सॉफ्टवेअर राहिलं नाही तरी माझी फाइल कुठल्याही संगणकावर उघडून डोळ्यांनी वाचता येईल. एकदा हात पोळल्यावर माणूस आधी हेच विचारतो.

त्यात एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीत मागे रेलून बसले. टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं, प्रोग्रामर लोक आपल्या कामातले बदल नोंदवायला जे वापरतात ते. सबसर्फेसच्या क्लाउडमध्ये ठेवलेल्या नोंदी याच गिटमध्ये जातात. म्हणजे मी एखाद्या डाइव्हची खोली बदलली, तर जुना आकडा नाहीसा होत नाही. कोणत्या तारखेला काय होतं आणि काय केलं, हे मागे जाऊन पाहता येतं. रेघेखालचा आकडा वाचता येतो. टॉरव्हाल्ड्स यांचं अमेरिकेतलं पोर्टलंड कुठे आणि सांगलीचं मार्केट यार्ड कुठे, पण हिशेब लिहिणाऱ्या माणसांना शेवटी त्याच अडचणी येतात आणि त्यांना सुचतंही तेच.

वहीतल्या सगळ्या डाइव्ह मी एकेक करून त्यात चढवल्या आणि प्रत्येकीच्या टिपणात लिहिलं: वही १, पान अमुक. खा. पा. केबलनं आलेल्या डाइव्ह कमीच होत्या. माझ्या यंत्राची मेमरी लहान, ती भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. पण अंदमानच्या २०१८ च्या डाइव्ह शाबूत होत्या. त्यांच्यात सदतिसावी होती.

वहीत पान ३७ वर असं आहे (हॅवलॉक बेटाचं नाव तेव्हा स्वराज द्वीप झालं नव्हतं): ‘हॅवलॉक, डिक्सन्स पिनॅकल. कमाल खोली २४ मी. ३० मिनिटं. करंट जोरात. बराकुडांचा थवा. मजा आली.’ खाली माझ्या जोडीदाराची सही. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, आम्ही दोघींनी एकाच आठवड्यात तारकर्लीला कोर्स केला होता.

पडद्यावरची रेघ दुसरंच सांगत होती. सबसर्फेसमध्ये खोलीचा आलेख वर-खाली जाण्याच्या वेगाप्रमाणे रंगतो, सावकाश असेल तिथे हिरवा. माझा आलेख पंचविसाव्या मिनिटाला लाल झाला होता. २१ मीटरवरून ७ मीटरवर, चाळीस सेकंदांत. मिनिटाला २१ मीटर. आम्हाला शिकवलं होतं नऊ-दहा. खाली हवेचा हिशेब होता, तोही मी वहीत कधी केला नव्हता: १२ लिटरचा सिलिंडर, २०० बारवरून ५० वर, म्हणजे १८०० लिटर हवा. सरासरी खोली १५ मीटर, तिथे दाब अडीच पट. १८०० भागिले ३० मिनिटं भागिले अडीच, मिनिटाला २४ लिटर. त्या सहलीतल्या माझ्या बाकीच्या डाइव्ह सोळा-सतराच्या आसपास आहेत.

तेव्हा सगळं आठवलं. आठवलं म्हणजे विसरले होते असं नाही, त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. खडकाच्या आडून बाहेर आले आणि प्रवाहानं मला उचललं. मैत्रीण दिसेना. गाइड पुढे होता, त्याला हाक मारायची सोय पाण्यात नसते. थांबायचं, खडक धरायचा, श्वास आवरायचा, हे सगळं मला पाठ होतं आणि मी त्यातलं काहीच केलं नाही. वरच्या उजेडाकडे पाय मारत सुटले. सात मीटरच्या आसपास बोटीचा दोर दिसला, तो धरला आणि भानावर आले. वर येण्याआधी पाच मीटरवर घ्यायचा असतो तो थांबा पुरा केला. बोटीवर चढून ‘मजा आली’ असं लिहिलं, आणि दोन वर्षं ते खरं मानलं.

पहिल्या रात्री मला वाटलं की कागदानं मला फसू दिलं आणि यंत्रानं पकडलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, मला तुझी क्षमा मागायची आहे, तू माझ्या खोट्या पानावर सही केली आहेस. ती गप्प झाली. मग म्हणाली, “थांब, माझी वही काढते.” तिनं वाचून दाखवलं, तिच्या वहीतली तीच तारीख: ‘ही दिसेना. एक मिनिट शोधलं, मग नियमाप्रमाणे वर निघाले. पाच मीटरवर दोराला धरून होती. डोळे मोठे. मला फार भीती वाटली.’

“आणि खाली सही कुणाची आहे सांगू?” ती म्हणाली. “तुझी.”

मी तिची वही न वाचता सही केली होती. तिनं माझी न वाचता. बोटीवर सगळ्यांच्या वह्या फिरत असतात, हात ओले असतात, भूक लागलेली असते, सह्या होऊन जातात. खरी नोंद कागदावर होती, दोन वर्षं होती, शाईत, माझ्या सहीनिशी. कागदावर ठपका ठेवायला जागाच उरली नाही.

बाबांकडे यासाठी शब्द होता, रुजवात. दोन पेढ्यांचे एकमेकांवरचे हिशेब वर्षाअखेरी समोरासमोर बसून ताडून बघायचे. यांच्या चोपडीतली जमा त्यांच्या चोपडीत नावे दिसते का ते बघायचं. रुजवात पटली तर ठीक, नाही तर दोघांनी रात्र जागवायची. एकट्याची चोपडी कितीही नीट असली तरी रुजवात घातल्याशिवाय बाबा तिला हिशेब म्हणत नसत. बँकेत मी वीस वर्षांहून जास्त काळ हेच करते आहे, तिथे त्याला मेकर आणि चेकर म्हणतात. रक्कम भरणाऱ्यानंच ती मंजूर करायची नाही. आणि एवढं सगळं जन्मापासून बघून मी पाण्यातल्या हिशेबाला, जिथे चुकलं तर माणूस जातो, डोळे मिटून सही केली होती.

पान ३७ मी खोडलं नाही. ‘मजा आली’ या शब्दांवर एक रेघ मारली, समासात जून २०२० ची तारीख घातली, खरं ते चार ओळींत लिहिलं आणि सही केली. पुढच्या भेटीत मैत्रिणीनं ते वाचून खाली पुन्हा सही केली. सबसर्फेसमध्येही तेच टिपण घातलं. मग दोघींनी मिळून आमच्या साठेक डाइव्ह शेजारी शेजारी ठेवून बघितल्या: तिची वही, माझी वही, दोघींचे आलेख. तीन संध्याकाळी गेल्या. आणखी दोन ठिकाणी जुळलं नाही. एकीकडे तिची तारीख चुकली होती. दुसरीकडे मी कासव लिहिलं होतं आणि तिनं ते पाहिलंच नव्हतं. कासवाची रुजवात काही पटली नाही, ते माझ्याच खात्यावर राहिलं आहे.

वहीचा आणखी एक गुण त्या संध्याकाळींतच ध्यानात आला. माझ्या वहीत दुसऱ्यांची अक्षरं आहेत. मी ‘ग्रुपर’ लिहिलं तिथे मालवणच्या एका डाइव्हमास्टरनं बाण काढून ‘गोब्रा’ लिहिलं आहे. ‘स्टिंगरे’च्या वर ‘पाकट’. सॉफ्टवेअरमध्ये मी एकटी असते, घरी, दोन-तीन दिवसांनी. तिथे कोणी माझ्या हातून पेन काढून घेत नाही.

सगळ्यात मोलाची दुरुस्ती आमची बोट चालवणाऱ्या एका तांडेलांची आहे. २०१७ मध्ये त्यांनी माझी वही हातात घेऊन सगळे रकाने बघितले आणि विचारलं, “तिथ खंय आसा?” मी तारखेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, “दर्याक तारीख कळणा नाय, तिथ कळता.” मग त्यांनी हिशेब सांगितला, कोकणातले मच्छीमार पिढ्यान् पिढ्या वापरतात तो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी, तळाची वाळू कमी उसळते. तेव्हापासून मी समासात तिथी लिहू लागले, काही वर्षं नुसती सवय म्हणून.

२०२० मध्ये चढवताना प्रत्येक मालवणी डाइव्हला मी ‘उधाण’ किंवा ‘भांग’ असा टॅग लावला, आधीच्या तारखांच्या तिथ्या जुन्या पंचांगांतून काढल्या, आणि मग एका क्लिकवर गाळून बघितलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडपांजवळ जिथे मी ‘काही दिसत नव्हतं’ किंवा ‘स्वतःचा हात दिसेना’ असं लिहिलं होतं, त्या डाइव्ह बहुतेक उधाणाच्या होत्या. वारा, कर्ली नदीचं पाणी, पावसाळ्यानंतर किती दिवस गेले, हेही असतंच, त्यामुळे माझ्या वहीपुरतंच मी हे म्हणते. पण नुसती वही चाळून मला हे उभ्या आयुष्यात दिसलं नसतं. आणि सॉफ्टवेअरला तिथी कोण सांगणार होतं? त्यात तो रकाना नाही. आता मी सुट्टी टाकताना आधी पंचांग बघते, मग बँकेतला रजेचा तक्ता.

आता पद्धत बसली आहे. बोटीवर वही, तीही पेन्सिलीनं, कारण जेल पेनाची शाई ओल्या अंगठ्यानं पसरते. रात्री मुक्कामाला आल्यावर फोनवर वहीच्या पानाचा फोटो, आणि कॉम्प्युटरमधला आलेख सबसर्फेसमध्ये. फोटो त्याच डाइव्हला जोडून ठेवते. घरी आल्यावर फाइलची एक प्रत मैत्रिणीकडे जाते, तिची माझ्याकडे येते. ती ठाण्याला, मी पुण्याला. एकच नदी दोन्ही घरांत शिरणार नाही. सही करण्याआधी आम्ही एकमेकींची पानं मोठ्यानं वाचतो. याला वेळ लागतो. बोटीवरचे बाकीचे लोक वाट बघतात, कधी वैतागतात, आणि हल्ली एक-दोघं स्वतःच्याही वह्या तशा वाचू लागले आहेत.

गेल्या जानेवारीत आम्ही मालवणला होतो. पाणी इतकं स्वच्छ की खडपावरचा गोब्रा वरूनच दिसत होता. वर आल्यावर मैत्रिणीनं माझं पान वाचायला घेतलं. खोली, मिनिटं, बार. मग थांबली.

“तू तेरा मिनिटांनी मास्कमधून पाणी काढत होतीस, बराच वेळ. लिहिलं नाहीस.”

खरं होतं. पट्टा सैल झाला होता, पाणी नाकात गेलं होतं, आणि मी क्षणभर घाबरले होते. तिच्या हातून वही घेतली आणि लिहिलं. तिथीची जागा रिकामी होती, म्हणून मागे वळून तांडेलांना विचारलं. ते दोर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, “सप्तमी.”